सेकंड हँड गाडीत बिघाड निघाला तर: तपासणीपासून ग्राहक आयोगापर्यंत

जुनी गाडी घेतली की पहिल्या दीड-दोन महिन्यांत काहीतरी निघतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जे निघालं ते कुठल्या खात्यात बसतं हे ठरवल्याशिवाय विक्रेत्याशी भांडायला जाऊ नका. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, क्लच प्लेट ही झाली झीज. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची क्लच प्लेट महिन्याभरात गेली म्हणून कोणी पैसे परत देत नाही. हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) उडालेलं असणं, गिअरबॉक्सचं बेअरिंग आवाज करणं हा दोष. तो विक्रीच्या दिवशी होता की नंतर झाला, यावर सगळं ठरतं. आणि मीटर मागे फिरवून, पुरात बुडालेली किंवा अपघातात चेसिस वाकलेली गाडी 'एकदम क्लीन' म्हणून गळ्यात मारणं ही सरळ फसवणूक.

फसवणूक दाखवता आली तर तुमची बाजू भक्कम असते, झिजेच्या बाबतीत ती जवळपास नसतेच. बहुतेक वाद मधल्या प्रकारातले असतात आणि त्यांचा निकाल इंजिनापेक्षा कागदावर जास्त लागतो. म्हणून या लेखात मेकॅनिकची कामं आणि कागदाची कामं जोडीनेच येतील. कायदे अर्थातच भारतातले.

पैसे देण्याआधी

ही पायरी टाळून पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ चा रोख असा की माल घेणाऱ्याने स्वतः सावध राहावं. विकणारा त्याच मालाचा धंदा करणारा असेल, तर माल विकण्याजोग्या दर्जाचा असल्याची अट कायदा गृहीत धरतो. पण तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं त्याबद्दल नंतर कुरकुर चालत नाही. थोडक्यात, घिसलेले टायर ही तुमची जबाबदारी. इंजिनाच्या पोटातली भेग नाही.

विक्रेत्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गोड बोलून निघा आणि दुसऱ्या दिवशी या, कारण कुरकुरणारं इंजिन गरम झालं की बरंच सभ्य वागतं. थंड इंजिन सुरू होताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ निघून लगेच विरली तर हरकत नाही, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. मग ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथला दुधाळ, चिकट थर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची खूण असू शकते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही असा थर धरतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. कूलंटची पातळी आणि धूर यांच्याशी ताडून बघा.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट संपत आलाय. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या आत गुंडाळलेल्या टोकावर गाळाची रेघ राहून जाते. दहा वर्षं जुन्या गाडीत एकच पट्टा कोरा करकरीत असेल, तर तो का बदलला हे विचारा. पुढच्या फेंडरच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला असेल, तर तिथे पाना लागून गेलाय. त्यात गैर काही नाही, पण 'एक ओरखडा नाही' म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलं पाहिजे.

स्कॅनर लावणारा 'एकही एरर नाही' म्हणाला की लोक खूश होतात. त्याला रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण केल्यात का ते सांगणारी यादी, दाखवायला सांगा. बरेचसे 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मीटरची शंका असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मालकाकरवी मागवा. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर तिथे असतात. चेसिस नंबरवरून गाडीला रिकॉल (सदोष गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) लागू आहे का तेही विचारून घ्या. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते, मालक कितवा आहे हे बघत नाही.

हे सगळं झाल्यावर, टोकन देण्याआधी विक्रेत्याला एक मेसेज टाका. माझ्या मते अख्ख्या व्यवहारातली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

'आज झालेल्या बोलण्यानुसार गाडी ६२,००० किलोमीटर चालली आहे, मोठा अपघात झालेला नाही, पाण्यात गेलेली नाही, इंजिन-गिअरबॉक्स उघडलेले नाहीत आणि कर्ज फिटलेलं आहे. यात काही चुकीचं असेल तर कळवा. या माहितीवर विसंबून मी उद्या टोकन देतोय.'

समोरून 'ओके' आलं तरी पुरे. 'विसंबून' हा शब्द मात्र गाळू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे खोट्या माहितीमुळे तुमची संमती मिळवली असेल तर करार रद्द करता येतो, आणि तुम्ही त्याच माहितीवर भरवसा ठेवला होता हे दाखवायला हे एक वाक्य कामी येतं. तसंच, प्रश्न विचारून ठेवायला हवेत, कारण नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक ठरत नाही. विचारल्यावर खोटं सांगणं किंवा दोष मुद्दाम झाकून ठेवणं ही ठरते.

बिघाड दिसला: पहिले दोन दिवस

इथे बहुतेकांचा घोळ होतो. गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे जाते, तो संध्याकाळपर्यंत इंजिन उघडून ठेवतो, जुने पार्ट भंगारात जातात आणि मग विक्रेत्याला फोन होतो. तोवर दोष होता हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

क्रम उलटा ठेवा. आधी गाडी सुरक्षित. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि गाडी टो करूनच न्या. तशीच दामटवली तर इंजिन सीझ होईल, आणि 'तुम्हीच चालवून घालवलं' हे उत्तर समोरच्याला आयतं मिळेल. पिवळा चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) मोठा आहे, थांबलेलं बरं.

मग व्हिडिओ. त्यात आधी नंबर प्लेट, मग मीटरवरचे किलोमीटर, मग दिवा, धूर किंवा आवाज, असं न थांबवता एकाच चित्रीकरणात घ्या. तुकडे जोडलेल्या व्हिडिओवर शंका घेणं सोपं असतं. ज्या फोनवर हे आहे तो फोन आणि विक्रेत्याबरोबरचे मेसेज जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं जातं.

त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. शिव्या नकोत, तर्क नकोत. काय झालं, कधी झालं, मीटरवर किती होते आणि 'अमुक तारखेपर्यंत तुम्ही किंवा तुमचा मेकॅनिक येऊन गाडी बघू शकता' एवढंच. ही संधी देणं महत्त्वाचं आहे. ती न देता दुरुस्ती करून बिल पाठवलंत तर 'आम्हाला बघूच दिलं नाही' हा बचाव तुम्हीच पुरवता.

यानंतर गाडी तपासायला द्या, फक्त तपासायला. शक्यतो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, कारण त्यांचं जॉब कार्ड आणि शिक्क्याचा अहवाल यांना वजन असतं. 'हा बिघाड विक्रीच्या आधीचा आहे' असं लिहून द्यायला कोणताही सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर बिचकतो आणि त्याचं चूकही नाही. त्याला मत मागू नका, मोजमाप मागा: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, कूलंट कुठून गळतंय, ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) साचलेल्या गाळाचा फोटो, आधी इंजिन उघडून सिलंट लावल्याच्या खुणा. काही गाड्यांत एरर कोड पहिल्यांदा कधी उमटला ते किलोमीटरसकट नोंदलेलं असतं. तुम्ही गाडी ६२,००० किलोमीटरवर घेतली आणि कोड ६१,४०० किलोमीटरचा निघाला, तर पुढचं बोलणं बरंच छोटं होतं. मीटर फिरवलेल्या गाड्यांतही कधीकधी डॅशबोर्डवर एक आकडा आणि दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलमध्ये वेगळाच आकडा सापडतो, तेही तपासायला सांगा.

दुरुस्ती थांबण्यासारखी नसेल तर विक्रेत्याला मुदत देऊन, फोटो काढून करून घ्या. काढलेले पार्ट मात्र स्वतःकडे ठेवा. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. गाडी दोन वर्षं दारात उभी करून रोजच्या रिक्षाभाड्याची मागणी केलीत तर ती टिकणार नाही. विम्याकडेही आशेने बघू नका; नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

विकणारा कोण होता?

हा प्रश्न नवख्यांना बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तुम्ही कुठल्या दारात जायचं ते यावरच ठरतं.

डीलरने किंवा जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बिल फाडलं असेल, तर तुम्ही ग्राहक आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तुमच्या बाजूला. जुनी वस्तू आहे म्हणून तो लागू होत नाही, हा गैरसमज आहे. गाडी पुन्हा विकण्यासाठी किंवा निव्वळ धंद्यासाठी घेतली असेल तर मात्र तुम्ही या कायद्यातले ग्राहक नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली टॅक्सी चालते. कंपनीची वॉरंटी बाकी असेल किंवा डीलरने स्वतःची दिली असेल, तर त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. 'इंजिन व गिअरबॉक्स वॉरंटी' म्हणताना टर्बो, इंजेक्टर, सेन्सर त्याबाहेर असणं नेहमीचं आहे.

दुसरा प्रकार 'पार्क अँड सेल'चा. गाडी डीलरच्या आवारात उभी असते, बोलतो डीलर, पण पावती मूळ मालकाच्या नावाची. बिघाड निघाला की डीलर म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. मध्यस्थ असला तरी त्याने कमिशन घेतलं असेल आणि 'आम्ही तपासलेली गाडी' म्हणून जाहिरात केली असेल, तर सेवेतल्या त्रुटीबद्दल त्यालाही ओढता येतं. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि कमिशनची पोच सांभाळा. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या डीलरांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, आणि मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सीमध्ये द्यायची असते. ती दिल्यावर डीलरच गाडीचा मालक मानला जातो. डीलरला हे अधिकारपत्र सुरुवातीलाच मागा. जो दाखवायला कां-कूं करतो त्याच्याकडे फार वेळ घालवू नये.

तिसरा प्रकार म्हणजे खाजगी माणूस. शेजारी, सहकारी, ऑनलाइन जाहिरात देणारा कोणी. तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोगाचं दार सहसा बंद. उरतं दिवाणी न्यायालय, करार आणि वस्तू विक्री कायद्याखाली, आणि सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. मुद्दाम फसवल्याचा ठोस पुरावा असेल तर पोलिसांतही जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. पण प्रत्येक बिघाडाला फौजदारी रंग द्यायचा मोह टाळा. गिअरबॉक्स गेला ही पोलीस केस नाही.

आणि 'गाडी जशी आहे तशी' हे वाक्य? करारात ते असलं तर कायद्याने गृहीत धरलेल्या अटी बाजूला पडू शकतात, तेव्हा सही करताना ते हलक्यात घेऊ नका. मात्र खोटं बोलण्याचा परवाना त्याने मिळत नाही. मीटर फिरवणाऱ्याला 'जशी आहे तशी' वाचवत नाही.

मागणी, नोटीस, तक्रार

आधी काय हवंय ते ठरवा. दुरुस्तीचा खर्च, किमतीतला फरक, की गाडी परत आणि पैसे परत? किरकोळ दोषासाठी पूर्ण पैसे मागितले की समोरचा बोलणंच थांबवतो. दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडून नेमका आकडा मागा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण डीलरला त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तेच काम तुमच्यापेक्षा स्वस्तात पडतं. तो तयार झाला तर कोणते पार्ट घालणार, नवे की जुने, आणि कामावर किती महिन्यांची वॉरंटी, हे लिहून घ्या.

उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा. वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही. तारखा, रक्कम, विक्रेत्याचे शब्द, बिघाडाचा अहवाल आणि मागणी, सगळं एका पानात. त्याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पाठपुरावा करते. नावाला जपणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यावर हलतात, कोपऱ्यावरचा डीलर हलेलच असं नाही.

मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती करता येते, ही २०१९ च्या कायद्याने केलेली मोठी सोय. दुसऱ्या शहरातून गाडी आणलेल्यांनी ती लक्षात ठेवावी. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षं, पण 'अजून वेळ आहे' म्हणत थांबाल तितका 'दोष नंतरच झाला' हा विक्रेत्याचा युक्तिवाद भक्कम होत जातो.

तक्रारीला जोडायचं ते असं: बिल किंवा विक्री करार, पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट, जाहिरात, मेसेज, सर्व्हिस सेंटरचा अहवाल, व्हिडिओ, नोटीस आणि तिची पोच. दोष तपासणीशिवाय ठरवता येण्याजोगा नसेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडून तपासून घेऊ शकतो. तक्रार तीन महिन्यांत, अशी तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, जास्त वेळ धरून चाला. दोष दूर करणं, रक्कम परत करणं, नुकसानभरपाई देणं, असे आदेश आयोग देऊ शकतो. विरुद्ध बाजूला अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणं परवडत नाही. आदेश पाळलाच नाही तर कलम ७२ खाली तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

तडजोड झाली तर

मधल्या कुठल्याही टप्प्यावर समोरचा नमतं घेऊ शकतो. पैसे रोखीत नको, बँकेतून घ्या. 'कोणतीही तक्रार उरलेली नाही' अशा कागदावर रक्कम खात्यात आल्यावरच सही करा, आणि तो कागद फक्त याच बिघाडापुरता आहे की सगळ्यांसाठी, ते वाचा. गेलेल्या गॅस्केटच्या मोबदल्यात पुढे निघणाऱ्या मीटरच्या फेरफारीवरही पाणी सोडायला लावणारे मसुदे असतात.

गाडी परत द्यायची ठरली तर नुसती किल्ली ठेवून घरी येऊ नका. आरसी तुमच्या नावावर झाली असेल तर तुमच्याकडूनही ती रीतसर विक्रीच असते: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं, आणि विमा कंपनीला पत्र. गाडी अधिकृत डीलरकडे जात असेल तर फॉर्म २९-सी भरून त्याची पोच घ्या. आरसीवर नाव असेल तोवर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मीटरचा फोटो आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली सहीची पावती घेऊनच किल्ली द्या, आणि नाव बदलेपर्यंत दर काही दिवसांनी त्या नंबरवर ई-चलान निघालंय का ते बघत राहा.